ज्ञानोबा मिस्त्रींची हाक

ज्ञानोबा मिस्त्री कुठलंही बटण दाबण्याआधी हाक मारायचे. बटण पंख्याचं असो, वेल्डिंगच्या मशीनचं असो, नाहीतर आमच्या खेळण्याएवढ्या गाडीच्या सहा व्होल्टच्या बॅटरीचं, जिचा चटका मुंगीलाही बसला नसता. बोट बटणावर ठेवायचं, मान वर करायची आणि रिकाम्या हॉलभर ओरडायचं, “हाय का कोणी?”

मग थांबायचं. नुसतं थांबायचं नाही, ऐकायचं. आम्ही दोघं विद्यार्थी समोर ढळढळीत उभे असायचो, तरी त्यांचे डोळे आमच्यापलीकडे कुठेतरी असायचे. मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजून होतील एवढ्या वेळानं ते बटण दाबायचे. मला तेव्हा उठताबसता राग यायचा. वय अठरा, त्यात आजीचं नाव ठेवून घरच्यांनी माझी चंद्रभागा केलेली, आणि वर्गात चौतीस मुलांत मी एकटी मुलगी. मी एकदा चिडून म्हणाले, “अप्पा, आम्ही हावं की. अजून कोण पाहिजे तुमाला?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “तुमी दिसायलाव गं.”

ही गोष्ट १९८८ सालची, बिदरच्या एका पॉलिटेक्निकमधली. कॉलेजचं नाव घेत नाही, त्याची कारणं पुढे कळतील. त्या वर्षी मार्चमध्ये गुलबर्ग्याला विद्यार्थ्यांची एक स्पर्धा होती. आपलं आपण चालणारं यंत्र करायचं. जमिनीवर पांढरी रेघ आखलेली, दोन वळणं, शेवटी एक आडवी पांढरी पट्टी. यंत्रानं रेघेवरून जायचं, पट्टीवर येऊन थांबायचं, आणि मध्ये कुणी हात लावला की बाद. रोबो हा शब्द आम्ही इंग्रजी मासिकात वाचला होता. मी आणि माझ्या वर्गातला अंबाजी, दोघांनी नाव दिलं. अंबाजी औराद तालुक्यातल्या चिंताकीचा, शेतकऱ्याचा मुलगा, हुशार पण कमालीचा भित्रा. यंत्राला लिंबू-मिरची बांधायची असं तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता. मी म्हटलं, त्यापेक्षा तुलाच बांधू.

आमच्या विभागप्रमुखांनी वर्कशॉपचा जुना हॉल आम्हाला दिला आणि मदतीला ज्ञानोबा मिस्त्री दिले. दोन्ही कुणाच्या उपयोगाचे उरले नव्हते, म्हणून दिले. नवं वर्कशॉप झाल्यापासून हॉल बंदच असायचा. मिस्त्री मे महिन्यात रिटायर व्हायचे होते.

मिस्त्रीही चिंताकीचेच. तीन भावांत धाकटे. घरची जमीन दोघांनाच पुरेना, म्हणून निजामाच्या राज्यात चार इयत्ता उर्दू शिकून ते हैदराबादला गेले आणि एका उस्तादाकडे मोटारी भरायला, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायला शिकले. राज्य बदललं, मुलूख म्हैसूरला जोडला गेला, कॉलेज निघालं, तेव्हा इथे चिकटले. घरात मराठी, ऑफिसात कानडी, आणि तारेचे वेढे मोजायचे ते उर्दूत. सही अजून उर्दूत करायचे. बुटके, काळेसावळे, पांढऱ्या शर्टाचा डावा खिसा कायम खाली ओघळलेला. कारण त्या खिशात एक फ्यूज असायचा. चिनीमातीचा, मुठीत मावेल एवढा, बोर्डातून ओढून काढता येणारा, आत तार भरायचा जुना फ्यूज.

त्यांनी आम्हाला शिकवलेला पहिला धडा त्याचाच. “लायनीवर काम करायचं तर आदी फ्यूज काढायचा. काढला की टेबलावर ठिवायचा न्हाई, खिडकीत ठिवायचा न्हाई. खिशात घालायचा. फ्यूज आपल्या खिशात हाय तंवर आपला जीव आपल्या खिशात.”

“मग तुमच्या खिशात रोजच कामून आसतंय?” अंबाजीनं विचारलं.

“सवय,” मिस्त्री म्हणाले.

फ्यूजच्या बुडाला निळ्या ऑइलपेंटचा एक ठिपका होता. तो मी तेव्हाच पाहिला, आणि विसरले.

गाडी आम्ही जमेल तशी जमवली. हैदराबादच्या कोठी बाजारातून दोन छोट्या मोटारी आणल्या. पाटाएवढा प्लायवूडचा तुकडा, मिस्त्रींनी लेथवर काढलेली लाकडी चाकं, चाकांवर सायकलच्या ट्यूबची पट्टी. पुढे खाली तोंड करून दोन टॉर्चचे बल्ब, आणि त्यांच्याशेजारी उजेड ओळखणारे दोन डोळे. रेघ दोन डोळ्यांच्या मध्ये राहिली की गाडी सरळ जायची. डाव्या डोळ्याला पांढरं दिसलं की डावी मोटार थांबायची आणि गाडी डावीकडे वळून पुन्हा रेघेवर यायची, उजवीकडेही तसंच. दोन्ही डोळ्यांना एकदम पांढरं दिसलं, म्हणजे शेवटची पट्टी आली. मग दोन्ही मोटारी बंद. मिस्त्री गाडीला वासरू म्हणायचे, कारण ती रेघ हुंगत चालायची.

हॉलला शहाबादी फरशी होती, काळपट निळी. तिच्यावर चुन्याची रेघ सुरेख उठून दिसायची. फेब्रुवारीत पहिल्यांदा वासरू आपलं आपण दहा फूट चाललं तेव्हा अंबाजी नाचला. मीही नाचले, पण तो वळल्यावर. मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढी तीस वर्षं मोटारी भरल्या, पण त्यातली एकही कधी आपला रस्ता आपण बघत चालली नाही, असं काहीतरी ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रेघ हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आखली. वासरू निघालं, वळण घेतलं, आणि हॉलच्या बरोबर मध्ये येऊन थांबलं. पुढे वीस फूट रेघ शिल्लक. मी उचलून मागे नेलं. पुन्हा तिथेच थांबलं. उलट दिशेनं सोडलं, तरी तिथेच. बल्ब लागलेले, बॅटरी भरलेली, वायर एकही सुटलेली नाही. दोन्ही मोटारी गप्प. शेवटची पट्टी आल्यावर कसं थांबावं, तसं ते तिथे पोचल्यासारखं उभं राहायचं.

त्याहून वाईट म्हणजे रेघ. त्या फरशीवर चुना धरतच नव्हता. आज ओढली की उद्या सकाळी तेवढ्याच तुकड्यावरचा चुना पोपडे धरून सुटलेला. मागची फरशी धडधाकट, पुढची धडधाकट, आणि मधली कोरी. तीनदा ओढली, तिन्हीदा तेच झालं.

“मी उद्यापासून येत न्हाई,” अंबाजी म्हणाला. “हितं भीमराज मेला हाय.”

भीमराज वायरमनचं नाव कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं. हलगर्जीपणा कसा करू नये हे सांगताना आमचे शिक्षक त्याचंच उदाहरण द्यायचे. नऊ वर्षांपूर्वी या हॉलचा पंखा दुरुस्त करायला तो शिडीवर चढला, फ्यूज काढायचं विसरला, शॉक बसून खाली पडला आणि गेला. जनवाड्याच्या बौद्ध वस्तीतला होता. “असल्यांना नोकऱ्या दिल्या की हेच व्हायचं,” असं शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी बोललेलं मी ऐकलं होतं. ऐकून गप्प बसले असते तरी एक वेळ ठीक होतं. वर्गात कुणी सोल्डरिंग आयर्न चालू ठेवून गेलं की “कोण रे हा भीमराज?” असं मीच ओरडायचे, आणि सगळे हसायचे. हे लिहिताना आज लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

मी मिस्त्रींना म्हटलं, “अप्पा, इथंच का थांबतंय सांगा.”

ते दारातच उभे होते. गेल्या दोन महिन्यांत ते हॉलच्या मधोमध कधी गेले नव्हते हे माझ्या त्या क्षणी ध्यानात आलं. या टोकाला काम असलं की या दारातून यायचे, त्या टोकाला असलं की बाहेरून व्हरांड्यानं फिरून त्या दारातून.

“रेघ भिताडाकडून घे,” ते म्हणाले. “तिथनं नगं.”

“भिंतीकडनं वळण बसत नाही.”

“तिथनं नगं म्हनलं की!” ते ओरडले. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. हात खिशावर होता.

आणि मग सांगितल्याशिवाय राहवेना म्हणून की काय, ते हळू आवाजात भीमराजबद्दल बोलायला लागले. मृत्यूबद्दल नाही, माणसाबद्दल. आय.टी.आय. करून आला तेव्हा मिशी फुटली नव्हती. आपलं प्रत्येक हत्यार निळ्या ठिपक्यानं ओळखून ठेवायचा. दोघं नऊ वर्षं एका डब्यात जेवले. “त्याची शोभा तिळाची चटणी लई झक्कास करायची. माझी भाकर त्यो खायचा, त्याची मी.” मग थांबून म्हणाले, “कालेजात. घरी आला की माझी पार्वती त्याला निराळ्या कपात चहा द्यायची. मी काय बोललो न्हाई कवा. त्यो कप देवळीत पालथा हाय अजून. ती बी टाकंना, मी बी टाकंना.”

मला ते ऐकून वाईट वाटलं. पण राग यावा असं त्यात काही आहे हे मला अजून कळायचं होतं.

भुतावर माझा विश्वास नव्हता, पण त्या आठवड्यात हॉलमध्ये एकटीनं जायला मी टाळाटाळ केली हे खरं. दुपारीसुद्धा. पत्रे उन्हानं कडकड वाजायचे, बंद पंखा वर स्थिर असायचा, आणि वासरू आपलं जाऊन त्याच्याखाली उभं राहायचं. एकदा त्याला तिथून उचलायला वाकले तेव्हा मागून कुणीतरी बघतंय असं वाटलं. वळून पाहिलं तर दारात मिस्त्री.

बारा मार्चला मी निकरावर आले. स्पर्धा सोळाला. गाल फरशीला टेकवून मी आडवी पडले आणि वासराला जे दिसतं ते बघायचा प्रयत्न केला. बल्बच्या उजेडात ती फरशी चमकत होती. उभ्यानं काही दिसत नव्हतं, पण आडव्या नजरेला ताटाएवढा एक तुकडा पाण्यासारखा लकाकत होता. नखानं खरवडलं. नखात पांढरट काहीतरी आलं. वास घेतला, बोटात चोळलं.

मेण होतं.

हॉलच्या किल्ल्या वॉचमनकडे असायच्या, मी त्याला गाठलं. मल्लप्पा कानडी माणूस, पण मराठी आमच्यापेक्षा भडभड बोलायचा. तो जरा चाचरला, मग म्हणाला, “साहेबास्नी सांगू नगं अक्का. ती शोभाबाई येती की, भीमराजची. वर्साला येकदा, चौदा मार्चला. मागच्या दारानं सोडतो मी. मेणबत्ती लावती, बोलत बसती, जाती. मेण मीच खरवडतो मागनं, पर समदं कुठं निघतंय.”

नऊ वर्षांचं मेण दगडात मुरलं होतं. त्यावर चुना कसा धरणार? आणि बल्बचा उजेड त्यावरून परतला की दोन्ही डोळ्यांना पांढरंच दिसणार, पट्टी आली असं वाटणार. सगळं सरळ होतं. मी रॉकेलची बाटली आणि चिंधी घेऊन पळत आले आणि मोठ्या तोऱ्यात मिस्त्रींना म्हणाले, “अप्पा, भूत नाही, मेण हाय! भीमराजची बायको दर वर्षी येते, तिची मेणबत्ती.”

त्यांचा चेहरा इतका उतरला की माझ्या हातातली बाटली तशीच राहिली.

“शोभा येती? हितं?”

“चौदा मार्चला. तुम्हाला माहीत नव्हतं?”

त्यांना माहीत नव्हतं. भीमराज गेला तो हाच दिवस, आणि तेव्हापासून दर चौदा मार्चला ते न चुकता रजा काढत होते. कुठे जायचे ते नंतर त्यांच्या बायकोनं, पार्वतीबाईंनी सांगितलं. कुठेच नाही. घरात भिंतीकडे तोंड करून निजायचे.

“पुसू नगं,” ते म्हणाले. “तिनं लावल्यालं हाय. पुसू नगं, अक्का.”

मग वासरू थांबणार, मी म्हटलं. शेवटी तोडगा अंबाजीनं काढला. त्या फरशीवर काळा कागद अंथरायचा आणि रेघ कागदावर ओढायची. वासरू त्यावरून बिनबोभाट गेलं. आम्हाला सुटल्यासारखं झालं. शेवटची चाचणी चौदाला दुपारी ठेवली, कारण तेराला रविवार आणि पंधराला निघायचं; शोभाबाई संध्याकाळच्या येत असतील असं मी गृहीत धरलं. मिस्त्रींनी रजेचा अर्ज लिहिला होता, तो मी त्यांच्या हातातून घेतला आणि म्हटलं, “आवंदा नाही अप्पा. आम्ही काय करायचं तुमच्याशिवाय?” हे मी लाडानं म्हणाले होते.

चौदाला दुपारी बारा वाजता आम्ही व्हरांड्यात जमलो. हॉलची दारं-खिडक्या सकाळीच बंद करून ठेवल्या होत्या, कारण उन्हानं वासराचे डोळे दिपायचे. आत अंधार. दिव्या-पंख्यांचा, फ्यूजचा बोर्ड बाहेर व्हरांड्यात, भिंतीच्या या बाजूला. तिथून आतलं काही दिसत नाही. माझ्या हातात वासरू, अंबाजीच्या हातात घड्याळ. मिस्त्री बोर्डापाशी गेले. हात वर गेला आणि तिथेच थांबला.

“हाय का कोणी?”

आम्ही सवयीनं दहा मोजायला लागलो.

“हाय,” आतून आवाज आला. बाईचा.

अंबाजीच्या हातातलं घड्याळ पडलं. मीही वासरू छातीशी आवळलं, खोटं कशाला सांगू. पण मिस्त्रींचं काय झालं ते मी आजही विसरलेले नाही. त्यांनी हात असा मागे घेतला, जणू तो बोर्ड तापलेला तवा होता. आणि घाबरण्याऐवजी त्यांचा चेहरा सैल झाला. ज्या उत्तराची नऊ वर्षं वाट पाहिली ते आलं, असा. त्यांनी बोर्डाला पाठ केली, दार ढकललं आणि सरळ हॉलच्या मध्यावर चालत गेले.

आत काळा कागद बाजूला सारून शोभाबाई बसल्या होत्या. समोर मेणबत्ती. चाळिशीच्या आतल्याच, पण बांधकामावर विटा वाहून हात कोयत्याच्या मुठीसारखे टणक झालेले. मल्लप्पानं नेहमीप्रमाणे मागच्या दारानं सोडलं होतं. त्यांनी वर पाहिलं.

“ज्ञानोबाभाऊ? मला वाटलं मल्लप्पाच हाक मारायलाय.”

मिस्त्री त्यांच्यासमोर मटकन बसले. खिशात हात घालून त्यांनी तो फ्यूज काढला आणि मेणबत्तीशेजारी ठेवला, निळा ठिपका वर करून.

“वैनी, त्यो इसरला नव्हता.”

शोभाबाई फ्यूजकडे बघत राहिल्या.

“ह्यो त्याच्या खिशात व्हता. त्यानं काढला व्हता, खिशात घातला व्हता. त्या दिशी मी घरी जेवून आलो, त्यो पंख्यावर चढलाय ठाव नव्हतं. बोर्डावर बघतो तर फ्यूज न्हाई. त्या हप्त्यात दोन फ्यूज चोरीला गेल्ते. मला वाटलं, ह्यो बी नेला. मी कुणाला न सांगता येक जादा करून ठिवला व्हता कपाटात. त्यो आणला आन घातला. हाक मारली न्हाई वैनी. येक हाक मारायची व्हती. त्यो आतनं ‘हाय’ म्हनला आसता.”

पुढचं त्यांनी तुकड्यातुकड्यानं सांगितलं. शिडी पडल्याचा आवाज ऐकून ते धावत आत आले. भीमराजच्या खिशातून फ्यूज अर्धा बाहेर आला होता. लोक यायच्या आत त्यांनी तो काढून आपल्या खिशात घातला. चौकशी झाली तेव्हा एवढंच विचारलं गेलं, फ्यूज बोर्डावर होता का? हो, होता. कानडीत लिहून आणलेल्या कागदावर त्यांनी उर्दूत सही केली. कागदावरचा शब्दन् शब्द खरा होता. त्या कागदामुळे चूक मेलेल्याची ठरली, आणि बायकोला शिपायाची जागा मिळायची तीही मिळाली नाही.

मी दारात उभी होते. मला वाटलं, ही बाई आता त्या फ्यूजनं त्यांचं डोकं फोडेल. फोडावं, असंही वाटलं. एका डब्यात जेवलेल्या माणसाला त्यांनी नऊ वर्षं सगळ्या कॉलेजाच्या तोंडी दिलं होतं, आणि त्या तोंडांत माझंही एक होतं.

शोभाबाईंनी फ्यूज उचलला. अंगठ्यानं ठिपका चोळला.

“मी हितं येऊन काय बोलते ठाव हाय का तुमाला?” त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “त्याला इचारते. नऊ वर्सं येकच इचारते. कामून इसरलास रं? फ्यूज काढताना मी याद आली न्हाई का, घर याद आलं न्हाई का? शिव्या देते त्याला. मेल्या माणसाला, हितं बसून. आन त्यो कसा बोलंल? त्याच्या खिशातलं तर तुमी घिऊन बसलाव.”

मिस्त्री रडत होते. त्या रडल्या नाहीत.

“माझ्या कानात सांगून काय व्हतंय? समद्यांनी त्याला बेफिकीर म्हनलंय. कागदावर म्हनलंय. सई तुमची हाय. आता कागदावरच सांगा.”

“सांगतो,” मिस्त्री म्हणाले.

“कवा? रिटायर झाल्यावर?”

“उद्या.”

फ्यूज पदरात बांधून त्या मागच्या दारानं गेल्या. मेणबत्ती तशीच जळत होती. ती विझेपर्यंत आम्ही तिघंही तिथून हललो नाही, आणि त्या दिवशी चाचणी झाली नाही.

जबाब मीच लिहिला, त्याच संध्याकाळी, व्हरांड्यात बसून. ते मराठीत सांगत होते, मी कानडीत उतरवत होते. लिहिताना दोनदा माझ्या पेनाचं निब वाकलं, रागानं दाबल्यामुळे. “हाक मारली नाही” हे वाक्य त्यांनी मला तीनदा वाचायला लावलं. खाली उर्दूत सही केली. मी म्हटलं, “अप्पा, पेन्शन जाईल.” ते म्हणाले, “भीमराजला कुठं मिळाली?” खिसा रिकामा होता तरी शर्ट डावीकडे ओघळलेलाच होता.

पंधराला सकाळी ते ऑफिसात गेले. मी आणि अंबाजी वासरू घेऊन गुलबर्ग्याच्या बसमध्ये बसलो. ते येणार होते बरोबर. तिघांची तिकिटं मी आधीच काढली होती, मधली जागा रिकामीच राहिली.

दुसऱ्या दिवशी स्पर्धेत आमचा नंबर पुकारला तेव्हा मी वासरू रेघेवर ठेवलं, बटणावर बोट ठेवलं आणि दाबू शकले नाही. शंभरएक पोरं बघत होती. अंबाजी माझ्याकडे बघत होता. मी मान वर केली आणि ओरडले, “हाय का कोणी?” सगळा हॉल हसला. दहा मोजून मी बटण दाबलं. वासरू दोन्ही वळणं घेऊन पट्टीवर जाऊन उभं राहिलं. दुसरा नंबर आला. ढाल घेऊन परत येताना अंबाजी बसमध्ये झोपला, मी जागी होते.

आम्ही परतलो तोवर मिस्त्रींना निलंबित केलं होतं. रिटायर व्हायला अडीच महिने उरलेले. पोलिसांनी दोनदा बोलावलं. कॉलेजला जुनं प्रकरण उकरायचं नव्हतं, म्हणून त्यांना दोन-तीनदा समजावण्यात आलं की वय झालंय, भ्रम झाला असेल, जबाब मागे घ्या. त्यांनी घेतला नाही. पेन्शन अडकली ती शेवटपर्यंत अडकलीच. पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत भीमराजच्या सर्व्हिस बुकात एक ओळ चढली. ती बघायला मी शोभाबाईंबरोबर ऑफिसात गेले होते. त्यांना कानडी वाचता येत नव्हतं, म्हणून मीच मराठीत सांगितली. मृत कर्मचाऱ्याने नियमाप्रमाणे फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवला होता.

“पुन्ना वाच,” त्या म्हणाल्या.

मी पुन्हा वाचली. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं, बरोबर ओळीवरच, आणि बराच वेळ काढलं नाही. क्लार्क खाकरला तरी काढलं नाही.

मग चौदा मार्च आला, १९८९ चा. मी दुपारी हॉलमध्ये गेले. शोभाबाई येतील, त्यांच्याजवळ बसावं असं मनात होतं. मल्लप्पानं मागचं दार उघडून ठेवलं होतं. बारा वाजले, साडेबारा वाजले, शोभाबाई आल्या नाहीत. मल्लप्पा म्हणाला, आता राहती त्या मैलूरला सकाळीच दिसली, घरीच हाय, घरीच मेणबत्ती लावली म्हणत होती. मला वाटलं, बरोबर आहे. त्यांना आता इथे काही विचारायचं राहिलं नव्हतं.

मी निघणार तेवढ्यात व्हरांड्यात पावलं वाजली. बोर्डापाशी थांबली. पलीकडून तोच आवाज आला, वर्षभरात बराच म्हातारा झालेला.

“हाय का कोणी?”

मी त्या फरशीपासून चार पावलांवर उभी होते. तोंड उघडलं आणि मिटलं. ती हाक मला नव्हती. मी उत्तर दिलं असतं तर त्यांना कळलं असतं की आत मीच आहे, दुसरं कुणी नाही.

ते दहापेक्षा कितीतरी जास्त थांबले. मग दिवा न लावताच आत आले, अंधारात चाचपडत मध्यावर गेले, आणि खिशातून एक मेणबत्ती काढून लावली.